एका तासाची भेट

आफ्रिकेची सहल म्हटली, की जीपमधून दिसणारे सिंह आणि हत्तींचे कळप डोळ्यांसमोर येतात. आज मात्र आपण पायी जाऊ या. रवांडा हा आफ्रिकेतला चिमुकला देश. त्याला समुद्रकिनारा नाही. 'हजार टेकड्यांचा देश' अशी त्याची ख्याती. त्याच्या वायव्येला, विरुंगा ज्वालामुखींच्या उतारांवर बांबूची गर्द रानं आहेत. तिथं पहाडी गोरिला राहतात.

सकाळी किनिगी या गावी जमायचं. एका कळपाला दिवसात आठच पर्यटक भेटू शकतात. वाटाड्यामागून चिखल तुडवत, अंगाची आग करणाऱ्या झुडपांतून चढायचं. कधी तासभर, कधी चार-पाच तास. कळप सापडला, की भेट फक्त एक तास! परदेशी पाहुण्याला परवान्यासाठी १५०० डॉलर मोजावे लागतात. साधं पडसं झालं असेल, तरी परत पाठवतात. कारण आपली सर्दी गोरिलाच्या जिवावर बेतू शकते.

एवढी कडक शिस्त कशासाठी? १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. शेतीसाठी जंगल तुटत होतं, हरणांसाठी लावलेल्या फासांत गोरिला अडकत होते. त्यांच्यासाठी झटणाऱ्या डायन फॉसी यांची १९८५ मध्ये तिथंच हत्या झाली. १९९४च्या नरसंहारात तर लाखो माणसं मारली गेली. त्या दुःखातून सावरणाऱ्या देशानं २००५ पासून गोरिलाच्या पिलांचं जाहीर बारसं सुरू केलं. 'क्विता इझिना' म्हणजे नाव ठेवणं. घरच्या बाळासारखंच!

आज उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांना मिळतो. त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या उभ्या राहिल्या. एकेकाळी शिकार करणारे काहीजण आता पर्यटकांचं सामान वाहतात. २०१८ मध्ये पहाडी गोरिलांची एकूण संख्या हजारावर गेल्याचं जाहीर झालं.

पण कळप वाढले, तशी जागा अपुरी पडू लागली. उद्यान वाढवायचं, तर उतारावरच्या बटाट्याच्या शेतांतून माणसांना उठावं लागतं. त्या कुटुंबांना नवं घर आणि पोटापाण्याचं साधन नीट मिळालं, तरच गाव गोरिलाच्या बाजूनं उभं राहील. तुम्ही कधी तिथं गेलात, तर तो तास गोरिलाला द्याच. पण उतरताना गावात थोडं थांबा, तिथल्या बायकांनी विणलेली एखादी टोपली विकत घ्या. जंगल राखायचं की नाही, हे शेवटी त्या गावावरच अवलंबून आहे.