चांदीचे छत आणि बेचाळीस चाकांची गाडी

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात एका निवृत्त इतिहास-शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



साठ वर्षांच्या या शाळेत मी 1979 पासून तेहेतीस वर्षे इतिहास शिकवला. संयोजकांनी मला ‘शाळेच्या आठवणी’ हा विषय सुचवला होता. परंतु आठवणी सांगू लागला की माणूस फार लवकर स्वतःच्या मोठेपणावर येतो. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मला बोलायचे आहे ते दर हिवाळ्यात निघणाऱ्या आपल्या शहरदर्शनाविषयी. त्याला निमित्तही घडले आहे. हे शहरदर्शन बंद करून मुलांना शहराबाहेरच्या एखाद्या करमणूक उद्यानात न्यावे, अशी सूचना काही पालकांनी मंडळाकडे केली आहे असे समजले. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पाळणे आणि घसरगुंड्या कोणत्या मुलाला आवडत नाहीत? शिवाय आपले शहरदर्शन पुष्कळ वर्षे कंटाळवाणे होते, हे मला मान्य केले पाहिजे. कारण ते तसे करण्यात माझा वाटा होता.

पहिल्या दोन वर्षांत मी मुलांना एका दिवसात नऊ स्थळे दाखवत असे. सकाळी सातला डीटीसीची बस निघे, संध्याकाळी सहाला परत येई. लाल किल्ला, जामा मशीद, राजघाट, पुराना किल्ला, हुमायूनचा मकबरा, पुढे लोदी उद्यान, सफदरजंग, कुतुब, आणि अंधार पडायच्या आत इंडिया गेट. दुसऱ्या दिवशी निबंध. सहावीतल्या एका मुलाने लिहिले होते, ‘आम्ही पुष्कळ थडगी पाहिली. मग जेवलो. मग आणखी थडगी पाहिली.’ मी त्याला दहापैकी तीन गुण दिले. आज दिले असते तर दहा दिले असते.

त्यानंतर 1981 साल आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आमचा वर्ग कुतुबमिनाराचा जिना चढून आला होता. अरुंद, गोल फिरणारा जिना. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना खेटून चालत. 4 डिसेंबरला त्याच जिन्यातील वीज गेली, अंधारात घबराट झाली आणि चेंगराचेंगरीत 45 माणसे दगावली. त्यांत बहुतेक शाळेची मुले होती. ती आपल्या शाळेची नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घेताना एकेक नाव उच्चारणे मला जड गेले. मिनाराचा जिना त्या दिवसापासून लोकांसाठी बंद झाला. आपले शहरदर्शनही बंद पडले, आणि ते योग्यच होते. कोणत्या तोंडाने पालकांकडे संमतिपत्रे मागणार होतो?

चार वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले ते अगदी लहान प्रमाणावर. बावीस मुले, सहा पालक आणि एकच स्थळ. जिना चढायचा नाही, धावपळ नाही, संध्याकाळच्या आत घरी. भीतीपोटी घातलेली ही बंधने होती. पण त्यांमुळेच शहरदर्शनाचे खरे रूप आम्हाला सापडले. एका दिवशी एकच स्थळ पाहायचे म्हटल्यावर तिथे तीन तास काय करायचे, हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहतो, आणि मग त्याला अभ्यास करावाच लागतो.

ते पहिले स्थळ होते फिरोजशाह कोटला. क्रिकेटच्या मैदानामुळे हे नाव सर्वांना ठाऊक असते. मैदानाला लागून असलेल्या पडक्या किल्ल्यात मात्र फार थोडे जण जातात. (गुरुवारी जातात. त्या दिवशी लोक तिथल्या जिनांना उद्देशून अर्ज लिहून कोनाड्यांत ठेवतात आणि मेणबत्त्या लावतात. आमच्या मुलांनी गणिताच्या परीक्षेसाठी एक सामुदायिक अर्ज ठेवला होता. निकालावरून तो पोचला नसावा.) तिथे एका तीनमजली इमारतीच्या माथ्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. सुमारे तेरा मीटर उंचीचा, अखंड दगडाचा. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो आजच्या हरियाणातील टोपरा गावाहून आणवला. कसा आणला, ते शम्स सिराज अफीफ या इतिहासकाराने बारकाईने लिहून ठेवले आहे. स्तंभाच्या बुडाशी सावरीच्या कापसाचे ढीग रचले, त्यांवर तो अलगद आडवा केला, मग बोरू आणि कच्ची कातडी यांत तो आपादमस्तक गुंडाळला. बेचाळीस चाकांची गाडी तयार केली, प्रत्येक चाकाला दोर बांधला आणि एकेका दोराला दोनशे माणसे लावली. यमुनेपर्यंत गाडी, तेथून पुढे होड्या.

मी एवढे सांगून थांबलो. मुलांनी आपणहून गुणाकार केला : आठ हजार चारशे माणसे. ‘सर, म्हणजे आपल्यासारख्या दहा शाळा एकाच गाडीला,’ एकजण म्हणाला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मैदानावर एक जुने बाक दोर बांधून ओढून पाहिले. सगळ्यांनी एका वेळी ओढणे किती अवघड असते हे त्यांना तिथे कळले. बाकाचा एक पाय मोडला, तो मी भरून दिला.

आणि या सगळ्या उठाठेवीनंतर त्या दगडावर काय लिहिले आहे हे फिरोजशाहाला कळले नाही, त्याच्या दरबारच्या पंडितांनाही वाचता आले नाही. ब्राह्मी लिपी विस्मरणात गेली होती. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली, तेव्हा कळले की दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा त्यात वाटेवर लावलेल्या वडांविषयी, आमरायांविषयी आणि खोदवलेल्या विहिरींविषयी बोलतो आहे. जे वाचता येत नव्हते तेही एका राजाने इतक्या जपणुकीने आणले, ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

जंतरमंतरविषयी थोडक्यात सांगतो. सवाई जयसिंहाने 1724 मध्ये उभारलेल्या सम्राट यंत्रावर सावली पाहून वेळ काढायची आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहायची, हा आमचा दरवर्षीचा खेळ. यंत्र मागे असायचे. ‘सर, बिघडलंय हे.’ मग सांगावे लागे की बिघाड यंत्रात नाही. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची वेळ दाखवते, दिल्ली त्याच्या पाच अंशांहून अधिक पश्चिमेला आहे, आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सरासरी एकवीस मिनिटांचा फरक पडणारच. तोही ऋतुमानाप्रमाणे कमी-अधिक होतो. भूगोलाच्या पुस्तकात हे सगळे आहे. पण घड्याळ आपल्या हातावर आणि सावली आपल्या पायांशी असल्यावाचून मुलाला त्याच्याशी भांडावेसे वाटत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे भाषण स्वीकारले त्याकडे येतो.

1986 चा डिसेंबर. लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासमध्ये आम्ही उभे होतो. हे संगमरवरी दालन, येथे मयूरासन होते, 1739 मध्ये नादिरशहाने ते लुटून नेले, असे मी सांगत होतो. छताकडे बोट करून म्हणालो, ‘येथे पूर्वी चांदीचे छत होते. आता दिसते ते पुढच्या काळातले रंगवलेले लाकूड.’ सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘सर, चांदीपण नादिरशहानेच नेली?’

मला उत्तर ठाऊक होते. मी म्हणालो, ‘त्या काळात पुष्कळ लुटालूट झाली,’ आणि वर्गाला पुढच्या दालनाकडे वळवले.

ती विद्यार्थिनी आज या सभागृहात आहे की नाही, मला माहीत नाही. असल्यास तिला तिचे उत्तर देतो. नाही, बेटा. ते छत 1760 मध्ये आपल्या लोकांनी काढले. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली. यमुनेला पूर, पलीकडे अब्दाली, दक्षिणेतून पैसा येईना, लष्कर आणि जनावरे उपाशी. तेव्हा भाऊंनी हे छत उतरवून चांदी वितळवली आणि तिचे रुपये पाडले. नऊ लाखांच्या आसपास झाले, असे सांगतात. त्यानंतर साडेपाच महिन्यांच्या आत पानिपत झाले, आणि ज्यांच्या पगारासाठी ते रुपये पाडले होते त्यांतले बहुतेक घरी परतलेच नाहीत.

मी तेव्हा हे का सांगितले नाही? मुलांचे मन दुखावेल असे स्वतःला समजावले. वास्तविक मला स्वतःलाच अवघड वाटले. आपण या शहरात बाहेरून आलेली माणसे. शेजारच्या मुलांपुढे आपल्या मुलांनी मान ताठ ठेवावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण त्या मुलीला पुढे हे कुठेतरी कळणारच होते, आणि कळल्यावर सरांनी बाकी काय काय लपवले असेल, असेही तिच्या मनात येणारच होते.

पुढच्या वर्षापासून मी तेथे सगळे सांगू लागलो. एक पालक मला भेटायला आले. ते रागावलेले नव्हते, दुखावलेले होते. म्हणाले, ‘मास्तर, घरापासून हजार मैलांवर आम्ही मुलांना मराठी शाळेत घालतो, ते त्यांना आपल्या माणसांचा अभिमान वाटावा म्हणून. तुम्ही तर त्यांना लाज वाटायला शिकवता.’

मी त्यांना बसवले आणि त्याच दालनातली दुसरी हकीकत सांगितली. 1788 मध्ये रोहिला गुलाम कादिर याने किल्ला ताब्यात घेतला, खजिन्यासाठी महालाच्या जमिनी खणल्या, आणि म्हाताऱ्या शाह आलम बादशहाचे डोळे काढले. त्याला हुसकून बादशहाला पुन्हा गादीवर बसवले ते महादजी शिंद्यांच्या फौजेने. तिचा एक सेनानी होता राणेखान. पानिपतावर जखमी होऊन पडलेल्या महादजींना बैलावर घालून वाचवणारा भिस्ती तो हाच, असे परंपरा सांगते. महादजी त्याला भाऊ मानत. छत उतरवल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी घडलेली ही गोष्ट. मी त्या गृहस्थांना म्हणालो, यातली एकच गोष्ट सांगायची असे ठरवले तर ती कोणती, हे तुम्ही मला सांगा.

त्यांना ते पटले असे नाही. त्या वर्षी त्यांनी मुलाला शहरदर्शनाला पाठवले नाही. पुढच्या वर्षी पाठवले. का, ते मी विचारले नाही.

आणखी एक स्थळ सांगून थांबतो. उत्तरेकडच्या रिजवर, हिंदुराव रुग्णालयाच्या बाजूला, इंग्रजांनी 1863 मध्ये उभारलेला एक टोकदार मनोरा आहे. 1857 मध्ये पडलेल्या त्यांच्या सैनिकांचे ते स्मारक. त्यावरच्या लेखात आपले लोक ‘शत्रू’ आहेत. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, 1972 मध्ये, आपल्या सरकारने तो लेख पुसला नाही. शेजारी दुसरी पाटी लावली : वरच्या लेखात ज्यांना शत्रू म्हटले आहे ते परकीय सत्तेविरुद्ध उठून शौर्याने लढले होते, अशा अर्थाची. मुले दोन्ही पाट्या मोठ्याने वाचतात, आणि मग बराच वेळ वाद घालतात की जुनी पाटी काढायला हवी होती की नाही. मी मत देत नाही. एका वर्षी तो वाद बसमध्येही चालू होता आणि चालकाने त्यात भाग घेतल्यामुळे आम्ही एक वळण चुकलो.

करमणूक उद्यानाविषयीचा निर्णय मंडळ घेईल. माझी विनंती एवढीच की तो घेण्यापूर्वी पालकांनी एकदा आमच्यासोबत यावे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही काही माजी विद्यार्थी मेहरौलीला जात आहोत. बख्तियार काकींच्या दर्ग्याला लागून मोती मशिदीच्या आवारात शाह आलमची कबर आहे. ज्याला आपल्या लोकांनी दिल्लीत आणले आणि पुढे गादीवर परत बसवले, तोच हा आंधळा बादशहा. जवळच एक जागा मोकळी आहे. ती बहादूरशहा जफरने स्वतःसाठी राखली होती. तो 1862 मध्ये रंगूनला वारला आणि जागा तशीच राहिली. सकाळी साडेआठला शाळेच्या फाटकाशी जमायचे. जोडे काढावे लागतील, डोक्यावर घ्यायला रुमाल हवा, आणि डबा ज्याचा त्याने आणायचा. मात्र ज्यांच्या घरी मेथीचे पराठे होतात त्यांनी दोन जास्त आणावेत.