मैदानावरचे पंच आणि दोरीबाहेरचे पंच

‘पंच’ हा मराठींत मोठ्या मानाचा शब्द आहे. पंचांमुखीं परमेश्वर असें म्हणत कैक पिढ्यांनीं बांधाचे, वांटणीचे आणि सोयरिकीचे तंटे पंचांपुढें नेले, व मनांत कांहींहि असलें तरी त्यांचा निवाडा मान्य केला. त्याच नांवाचा अधिकारी तोंडांत शिट्टी धरून कबड्डीच्या मैदानावर उभा राहिला, कीं परमेश्वर मात्र तेथून काढता पाय घेतो, असा भोंवतीं जमलेल्या मंडळींचा ठाम समज दिसतो. पहिल्या पांच मिनिटांत पंच आंधळा ठरतो. मध्यंतरापर्यंत तो फितूर ठरतो. आणि सामना चुरशीचा झालाच, तर अखेरीस त्याला नियमांचें पुस्तक ठाऊक नाहीं असें निदान होतें. यांतले पहिले दोन आरोप फार जुने आहेत व त्यांत बहुधा तथ्य नसतें. तिसरा मात्र अलीकडचा असून विचार करण्यासारखा आहे.

वसई तालुक्यांतील वालीवचें उदाहरण घ्यावें. तुंगारेश्वराच्या डोंगराकडच्या अंगाचें, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या आसऱ्यानें वाढलेलें हें गांव आज कारखान्यांच्या गाळ्यांसाठीं ओळखलें जातें. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली आणि वालीव शहराचा एक प्रभाग बनलें. अशा वस्तींत सामना असला म्हणजे दोरीबाहेर उभीं राहणारीं माणसें एका मुशींतलीं नसतात. कोणी मातीवर हुतूतू खेळतच म्हातारा झालेला गांवकरी असतो. कोणी कोंकणांतून किंवा घाटावरून कामासाठीं आलेला, आणि आपल्या गांवच्या जत्रेंतले सामने न विसरलेला. कोणी पंजाब-हरियाणाकडची, गोल मैदानांत चालणारी कबड्डी पाहून वाढलेला. आणि या सर्वांच्या पुढें, अगदीं रेषेला खेटून, शाळकरी मुलें बसलेलीं. त्यांनीं खेळ शिकला तो टेलिव्हिजनच्या पडद्यावरून. एकाच चढाईकडे हे सर्व जण पाहतात आणि प्रत्येकाच्या डोक्यांतलें नियमांचें पुस्तक निराळें असतें. मग पंचानें निर्णय दिला कीं तिघेजण टाळ्या वाजवतात आणि सातजण त्याच्या कुळाचा उद्धार करतात, यांत नवल कसलें?

नियम बदलणें ही गोष्ट मुळांत नवी नव्हे. महाराष्ट्रांत हुतूतू, दक्षिणेंत चेडुगुडु, बंगालकडे हाडुडु, अशीं एका खेळाचीं अनेक नांवें होतीं आणि नांवागणिक रीति वेगळी होती. कोठें बाद झालेला गडी पुन्हां उठत असे, ती संजीवनी; कोठें बाद होऊनहि तो मैदान सोडीत नसे व केवळ गुण मोजले जात, तो अमर प्रकार. १९१८ सालीं साताऱ्यास या खेळाला कांहीं एक शिस्त लावण्याचा यत्न झाला. १९२३ मध्यें बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम छापून स्पर्धा भरविली. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं या खेळाचें प्रात्यक्षिक दाखविलें. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि पुढें बुवा साळवी यांच्यासारख्या माणसांनीं खेळासाठीं आयुष्य वेंचलें. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. या प्रत्येक टप्प्यावर कोणाचा तरी आवडता नियम गेला असणार आणि कोणीतरी पारावर बसून ‘आतां खेळ राहिला नाहीं’ असें म्हटलें असणार. परंतु तो बदल पायीं चालत येई. एका तालमींतून दुसऱ्या तालमींत, एका शाळेच्या मास्तरांकडून दुसऱ्या शाळेंत तो पोंचेपर्यंत वर्षें जात, आणि तेवढ्या अवधींत प्रेक्षकहि तो नियम शिकून घेत.

२०१४ सालीं हें सारें उलटलें. त्या वर्षीं २६ जुलैला मुंबईंत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, आणि लगेच १ ऑगस्टला ठाण्यांतून वेगळा होऊन पालघर जिल्हा जन्मास आला. जिल्हा आणि ही नवी कबड्डी एकाच आठवड्याचीं भावंडें म्हणावयास हरकत नाहीं. जिल्ह्याच्या वयाचीं जीं मुलें आज वालीवला मैदानाच्या कडेला बसतात, त्यांच्या लेखीं दुसरी कबड्डी कधीं नव्हतीच.

या नव्या खेळानें काय बदललें तें थोडक्यांत पाहणें जरूर आहे, कारण सारेंच वाईट आहे अशी जी कुरकूर ऐकूं येते ती न्यायाची नाहीं. जुन्या खेळांत सर्वांत मोठा कज्जा दमाचा असे. चढाई करणाऱ्यानें ‘कबड्डी कबड्डी’ हा घोष एका दमांत, अखंड आणि स्पष्ट म्हणावयाचा. तो मध्यें तुटला कीं नाहीं हें पंचानें कानानें ठरवावयाचें, आणि तेंहि हजार माणसें ओरडत असतां! चढाईवाला धूर्त असला तर ओठ हलवीत हळूच श्वास चोरून घेई. पंच सावध असला तर शिट्टी वाजवी. आणि मग ‘दम गेला’, ‘दम गेला नाहीं’ असा गिल्ला होई. त्या ठिकाणीं तीस सेकंदांची मर्यादा आली. घोष राहिला, परंतु चढाई केव्हां संपली हें आतां घड्याळ सांगतें. घड्याळ कोणाच्या गांवचें नसतें, म्हणून या बदलाबद्दल पंचांनीं तरी कृतज्ञ असावें.

तिसऱ्या चढाईचा नियमहि तसा वावगा नाहीं. पूर्वीं पुढें असलेला संघ शेवटचीं मिनिटें सरळ खाऊन टाकी. चढाईवाला जाई, निदानरेषेला पाय लावी, परत येई. पुन्हां जाई, पुन्हां परत येई. जणूं शेजाऱ्याकडे विरजण मागावयास गेला आहे! आतां लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरींत गुण मिळविला पाहिजे, नाहीं तर तो गडी बाद. तीन किंवा त्याहून कमी गड्यांनीं पकड केली तर एक गुण अधिक, ही अव्वल पकडीची सोयहि हरत आलेल्या संघाला धीर देणारी आहे. २०२५ च्या हंगामांत मात्र लीगनें साखळी सामन्यांतली बरोबरीच काढून टाकली. गुण सारखे झाले तर पांच-पांच चढायांनीं निकाल. येथें खेळापेक्षां पडद्याची सोय अधिक पाहिलेली दिसते. चाळीस मिनिटें तुल्यबळ झुंजलेल्या दोन संघांना बरोबरीचा मान देण्यांत कमीपणा कोणता होता, हें समजणें कठीण आहे.

पण प्रेक्षकाचें खरें दुखणें बदल बरा कीं वाईट हें नसून, आज या मैदानावर कोणता नियम चालू आहे हें त्याला कोणी सांगत नाहीं, हें आहे. एवढ्याशा अज्ञानानें काय घडूं शकतें तें साऱ्या जगानें ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगचौ येथें पाहिलें.

आशियाई खेळांतला पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यांत होता. २०१८ सालीं जकार्ताला याच इराणनें उपांत्य सामन्यांत भारताला हरवून १९९० पासून चालत आलेली सुवर्णपदकांची परंपरा तोडली होती. तेव्हां दोन्हीं बाजूंस ईर्ष्या होती. गुण २८-२८ झाले. दोन मिनिटेंहि शिल्लक नव्हतीं. भारताचा कर्णधार पवन सेहरावत तिसऱ्या, म्हणजे करा किंवा मरा अशा चढाईस गेला आणि कोणालाहि स्पर्श होण्यापूर्वींच त्याचा पाय बाजूच्या राखीव क्षेत्रांत पडला. त्याला धरण्यासाठीं इराणचे बचावाचे गडीहि त्याच्यामागोमाग तेथें शिरले.

हें राखीव क्षेत्र म्हणजे मैदानाच्या दोन्हीं कडांना असलेला एक-एक मीटर रुंदीचा पट्टा. झटापट सुरू होईपर्यंत तो कोणाचाच नसतो. स्पर्शाआधीं तेथें पाऊल टाकणारा चढाईवाला बाद, याविषयीं वाद नव्हता. वाद पुढेंच होता. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें त्याच्यामागून स्पर्शाविना शिरलेले बचावाचे गडीहि बाद होतात. प्रो कबड्डीनें हा नियम बदलला होता. तेथें एकटा चढाईवाला बाद होतो आणि खेळ तेथेंच थांबतो. म्हणजे एका पुस्तकाप्रमाणें इराणला एक गुण आणि भारताला अनेक. दुसऱ्याप्रमाणें इराणला एक आणि भारताला शून्य. सुवर्णपदक या दोन पुस्तकांच्या मधोमध अडकलें.

पंचांनीं एक निर्णय दिला, तो फिरविला, पुन्हां फिरविला. दोन्हीं संघांचे गडी निषेध म्हणून मॅटवर बसून राहिले. सुमारें तासभर खेळ बंद पडला. अखेर निर्णय भारताच्या बाजूनें लागला व भारतानें ३३-२९ असा सामना जिंकला. आपल्याकडे घरोघर आनंद झाला, तो स्वाभाविक होता. परंतु त्या रात्रीं एक गंमत कोणी फारशी लक्षांत घेतली नाहीं. टेलिव्हिजनपुढें बसलेल्या भारतीय प्रेक्षकाला टेलिव्हिजननेंच शिकविलेला नियम हा इराणच्या फायद्याचा होता. तरीहि जुना नियम लागू झाल्याबद्दल येथें कोणी तक्रार केली नाहीं. जिंकणाऱ्याला पुस्तक कोणतें होतें याची चौकशी करावीशी वाटत नसते. तेहरानमधल्या घरांत मात्र त्या रात्रीं पंचांच्या नांवानें काय बोललें गेलें असेल, याची कल्पना वालीवच्या मैदानावर उभें राहिलेल्या कोणासहि सहज करतां येईल.

हें दुःख एका कबड्डीचेंच आहे असेंहि नाहीं. खोखोंत २०२२ सालीं सुरू झालेल्या अल्टिमेट खोखोनें नऊऐवजीं सात गडी केले आणि दोन्हीं दिशांना धांवूं शकणारा एक ‘वजीर’ बसविला. ज्यांनीं एकदां घेतलेली दिशा न सोडणें हाच खोखोचा धर्म मानला, त्यांना तो वजीर आजहि पचत नाहीं. सातासमुद्रांपलीकडे ऑस्ट्रेलियांत त्या देशाचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. त्याचे नियम मेलबर्नला १८५९ सालीं प्रथम लिहिले गेले. चेंडू धरून बसलेल्या गड्याला प्रतिपक्षानें पकडलें, कीं तेथील अख्खी गर्दी ‘बॉल!’ अशी एका सुरांत आरोळी ठोकते आणि पंचाला आपला निवाडा कळविते. २०२१ मध्यें तेथें एक नवा नियम आला: चेंडू मारणाऱ्याच्या समोर खुणेवर उभ्या असलेल्या गड्यानें जागचें हलावयाचें नाहीं, हलल्यास पन्नास मीटरांचा दंड. पुढच्याच वर्षीं पंचापुढें हात पसरून नाराजी दाखविणाऱ्यालाहि तोच दंड कडकपणें होऊं लागला. तेथील प्रेक्षकांची ओरड आपल्यासारखीच आहे. दर हंगामाला नियम बदलतात, आणि जो नियम काल शिकलों तो आज पंच लावील कीं नाहीं याचा भरवंसा राहत नाहीं.

दोर धरून उभ्या असलेल्या प्रेक्षकापाशीं खेळांतलें दुसरें असतें तरी काय? तो चढाईस जात नाहीं, त्याला बक्षीस मिळत नाहीं. नियम ठाऊक असणें एवढीच त्याची मिळकत. त्या ज्ञानाच्या बळावर तो शेजाऱ्याशीं भांडतो, पोराला शिकवितो, आणि पंच चुकला तर तसें छातीठोकपणें म्हणतो. त्याला न विचारतां, न सांगतां नियम बदलला, म्हणजे त्याची ती मिळकतच जाते; आणि मिळकत गेलेला माणूस आधीं समोर दिसणाऱ्या अंमलदाराची गचांडी धरतो, कायदा करणारा त्याच्या हातीं लागत नाहीं.

समोर दिसणारा तो अंमलदार म्हणजे बिचारा पंच. नियमाप्रमाणें सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक असावे लागतात. लीगच्या सामन्यांत पंचांच्या पाठीशीं पडद्यावरची फेरतपासणी असते. निर्णय पटला नाहीं तर संघ ती मागूं शकतो. गांवच्या मैदानावरील पंचाच्या पाठीशीं केवळ प्रेक्षक असतात, तेहि हातभर अंतरावर. शिवाय आतां प्रत्येकाच्या हातांत मोबाईल आहे. एका कोनांतून, पाठीमागून, कोणाच्या तरी खांद्यावरून टिपलेलें चित्र पुढें करून ‘हा बघा स्पर्श’ असें त्याला दाखविलें जातें. ज्या बाजूनें स्पर्श दिसला असता त्या बाजूला मात्र पंचच उभा होता, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांना यावर मोठा खर्च करण्याची जरूर नाहीं. उद्घाटनाच्या भाषणासाठीं ध्वनिक्षेपक लागलेलाच असतो. पाहुण्यांचे सत्कार आटोपले, श्रीफळें वाटून झालीं, कीं तोच ध्वनिक्षेपक दोन मिनिटें सरपंचाच्या हातीं द्यावा. राखीव क्षेत्रांत स्पर्शाविना कोण शिरला तर कोण बाद, तिसरी चढाई आज लागू आहे कीं नाहीं, गुण सारखे झाले तर काय करावयाचें, एवढ्या तीन गोष्टी त्यानें मराठींत आणि हिंदींत सांगाव्या, आणि त्याच तीन ओळी फळ्यावर लिहून गुणलेखकाच्या मेजाशेजारीं, पोरें बसतात त्या बाजूला, टेकवून ठेवाव्या.