रणांगणावरील शेजार आणि राष्ट्रभावना

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात, बोरी अरब येथे दिलेले भाषण)



आपल्या सभांतून दोन वीरांची नावे नेहमी अभिमानाने घेतली जातात. एक नाईक यशवंत घाडगे व दुसरे शिपाई नामदेव जाधव. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आणि दोघांचाही पराक्रम इटलीतला. १० जुलै १९४४ रोजी तैबर नदीच्या खोऱ्यात सारे साथी पडले असता घाडगे एकटेच मशीनगनवर तुटून पडले व तेथेच कामी आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंग पेरलेल्या जमिनीतून सुखरूप आणले. मग पुन्हा जाऊन शत्रूची मोर्चे निकामी केले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हा अभिमान योग्यच आहे. परंतु या वीरांचा शेजार कोणाचा होता, हेही पाहिले पाहिजे. इटलीत हिंदुस्थानच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या अशा तीन डिव्हिजन लढल्या आणि ५,७८२ हिंदी जवान तेथे मृत्यू पावले. पलटणी त्या काळी जातवार व प्रांतवार भरलेल्या असत. पण एकाच ब्रिगेडमध्ये इंग्रज, मराठा व पंजाबी पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहत. गावात माणूस घराण्यावरून व पोटजातीवरून ओळखला जातो. इटलीतील शेतकऱ्याला त्याचे काय होय? त्याच्या लेखी हे सारे एकच, हिंदी!

सेनिओच्या त्या चढाईत न्यूझीलंडचे व पोलंडचे सैन्यही होते. न्यूझीलंडचा सैनिक स्वतःच्या सरकारने धाडला होता. पोलंडच्या सैनिकाचा देश परक्यांच्या टाचेखाली होता, म्हणून तो लढत होता. मग हिंदी सैनिक कोणाच्या स्वातंत्र्यासाठी लढत होता? असा शेजार लाभल्यावर हा प्रश्न टाळता येणे शक्य नव्हते. पूर्वेकडे आझाद हिंद फौजेत सर्व धर्मांचे जवान एकाच पंगतीत जेवू लागले. ५ नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल व धिल्लाँ यांच्यावर एकत्र खटला चालला, तेव्हा मुसलमान, हिंदू व शीख असा भेद न करता सारा देश त्यांच्या पाठीशी उभा राहिला.

तथापि, एक कटू गोष्टही सांगणे प्राप्त आहे. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. ज्या बेळगावात मराठा पलटणीचे केंद्र, त्याच बेळगावात १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. देशासाठी मरण्याचा अधिकारदेखील त्या बांधवांना मागून घ्यावा लागला, आणि रजेवर घरी आलेल्या जवानाला पाणवठा मात्र वेगळाच राहिला. आज त्याच रेजिमेंटमध्ये सर्व प्रांतांचे व जातींचे जवान आहेत. सैन्याने जे साधले, ते आपल्या गावांना पूर्णपणे साधले आहे काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

इटलीतील मोंतोने गावी २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांचे स्मारक म्हणून सूर्यघड्याळ उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असे त्याचे ब्रीद आहे. ज्यांच्या भूमीवर तो वीर पडला, त्यांनी त्याची जात विचारली नाही.

समाजाने संघटित व्हावे, मुलांना शिकवावे, आपल्या वीरांचे स्मरण ठेवावे, हे सर्व मला मान्य आहे. मात्र वीराला जातीच्या कुंपणात कोंडले, तर त्याचा मोठेपणा आपणच कमी करतो. म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे की, पुढील वर्षीच्या मेळाव्यात केवळ आपल्याच नव्हे, तर बोरी अरब व पंचक्रोशीतील सर्व जातिधर्मांच्या माजी सैनिकांना सहकुटुंब पाचारण करावे, पहिल्या रांगेत बसवावे आणि एकाच पंगतीत त्यांच्यासह भोजन करावे.

जय हिंद!