विद्युत अभियंत्याचे पुढचे शिक्षण : विषय कसे निवडावेत?



आजचा विषय आम्ही मागून घेतला आहे. व्याख्यानमालेच्या चालकांना त्याचे थोडे नवल वाटले. कामगार चळवळीतला माणूस पगारवाढीवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलामुलींनी पुढे एम.टेक.ला कोणते विषय घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत, यावर आम्हाला बोलायचे आहे. आमच्या नावापुढे पदवी नाही. आमचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि जाणत्या माणसांना प्रश्न विचारून झाले. तेव्हा हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. वीजउद्योगातल्या कामगारांमध्ये आमची हयात गेली. त्या कामगारांची मुले आता अभियंते होत आहेत, आणि दर उन्हाळ्यात ती आपले प्रवेशाचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. शिवाय अभियंत्याने वर्गात जे शिकून घेतले किंवा शिकायचे टाळले, त्याची किंमत पुष्कळदा खांबावर चढणारा माणूस मोजतो. तो माणूस आमचा आहे.

प्रथम या शिक्षणाची रचना पाहू. एम.टेक.चा पूर्णवेळ अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. बहुतेक ठिकाणी पहिली दोन सत्रे वर्गातल्या विषयांची आणि पुढची दोन मुख्यतः प्रबंधाची असतात. काही विषय सक्तीचे, काही ऐच्छिक. प्रवेशासाठी गेट नावाची परीक्षा देतात; तिचे गुण तीन वर्षे चालतात. त्या परीक्षेची तयारी करण्यात मुले वर्ष वर्ष घालवतात. मात्र प्रवेश मिळाल्यावर ऐच्छिक विषयांचा तक्ता समोर येतो, तेव्हा तो भरायला त्यांना अर्धा तासही लागत नाही! ज्या दारासाठी वर्षभर खपलो, त्या दारातून आत गेल्यावर कोणत्या खोलीत बसायचे याचा विचार मात्र नाही.

हा तक्ता कसा भरला जातो तेही सांगतो. एक मुलगा म्हणतो, अमक्या विषयाला गुण सढळ हाताने देतात. दुसरा म्हणतो, माझ्या खोलीतल्या मित्राने हाच घेतला. तिसरा वर्तमानपत्र वाचून येतो; सध्या बोलबाला विजेवरच्या मोटारींचा, म्हणून तो त्या नावाचे तीन विषय घेतो आणि विद्युतयंत्रांचा विषय जुनाट म्हणून सोडून देतो. मोटार चालवते ती मोटरच, हे त्याच्या ध्यानात येत नाही. यातल्या कोणालाही आम्ही आळशी म्हणणार नाही. त्यांना कोणी विचारलेलेच नसते की, बाबा रे, तुला कोणते काम करायचे आहे?

आमचे म्हणणे एवढेच आहे. विषयांची निवड शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे तो आधी एका वाक्यात लिहावा. तो सोडवायला प्रबंधात काय करावे लागेल ते त्याखाली लिहावे. त्यासाठी दुसऱ्या सत्रात काय आले पाहिजे, आणि त्यासाठी पहिल्या सत्रात काय, असे एकेक पायरी उतरत खाली यावे. संघटनेत मागणीपत्र तयार करताना आम्ही हेच करतो. कराराच्या शेवटी कामगाराच्या हातात काय पडले पाहिजे हे ठरल्यावाचून पहिले कलम लिहायला घेत नाही.

आता एक घडलेली गोष्ट घेऊ, म्हणजे हे हवेत राहणार नाही. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एक वाजता, उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड एकदम बंद पडल्या आणि साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या. चौकशी समितीने जी कारणे दिली, ती विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा तक्ता शेजारी ठेवून वाचावीत. पुष्कळ वाहिन्या बंद असल्याने प्रदेशाप्रदेशांना जोडणारे मार्ग आधीच कमजोर झाले होते. हा झाला वीजप्रणालीच्या विश्लेषणाचा विषय. बीना-ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर भार फार वाढला होता आणि ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढणाऱ्यांना आवरले गेले नाही. हा झाला प्रणाली चालवण्याचा आणि वीजबाजाराच्या नियमांचा विषय. मग ती वाहिनी तिच्या संरक्षक रिलेने तोडली, आणि गंमत अशी की वाहिनीवर दोष कोणताच नव्हता.

हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे. असा रिले व्होल्टेजला विद्युतप्रवाहाने भागतो. भागाकार लहान आला की त्याला वाटते, वाहिनीवर कोठेतरी शॉर्ट झाला आहे. भार फार चढला आणि व्होल्टेज उतरले, तरीही भागाकार लहानच येतो. रिलेला दोष आणि अतिभार यांतला फरक कळला नाही. ती वाहिनी सुटताच वीज लांबच्या वाटेने, पूर्वेकडून वळून जाऊ लागली, प्रदेशांचा मेळ तुटला आणि पुढे एकामागून एक वाहिन्या सुटत गेल्या. हा मेळ कसा टिकतो आणि कसा तुटतो, तो स्थैर्याचा विषय. म्हणजे त्या एका पहाटेत चार विषय एकमेकांच्या हातात हात घालून उभे आहेत. ज्याने फक्त संरक्षण शिकले त्याला रिले दिसेल, ज्याने फक्त स्थैर्य शिकले त्याला झोके दिसतील. अपघात मात्र कोणालाच पुरा दिसणार नाही.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड उर्वरित देशाशी जोडली गेली. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ग्रिड ५० हर्ट्झच्या एका ठेक्यावर चालते, आणि ती गाठ आपल्या सोलापुरात मारलेली आहे.

समजा, आपल्या विद्यार्थिनीने वाक्य लिहिले : सौरवीज वाढत असताना ग्रिड स्थिर कशी ठेवावी? प्रश्न चांगला आहे, कारण तो खरा आहे. औष्णिक किंवा जलविद्युत केंद्रातले जनित्र म्हणजे शेकडो टनांचे फिरते धूड. कोठे अचानक तूट पडली तर त्या धुडात साठलेली गती पहिले काही क्षण सावरून धरते. सौरपट्ट्यांत फिरणारे काहीच नसते. त्यांची वीज इन्व्हर्टरमधून येते, आणि इन्व्हर्टर त्या क्षणी कसा वागेल हे माणसाने आधी लिहून ठेवावे लागते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश काही सेकंदांत अंधारात गेले. तेथे व्होल्टेज हाताबाहेर चढत गेले होते. ग्रिडचा ठेका सांभाळला आणि व्होल्टेज सोडून दिले तर चालत नाही, हा त्यातला धडा.

आता तिने पायऱ्या उतरून यावे. प्रबंधासाठी दुसऱ्या सत्रात वीजप्रणालीचे स्थैर्य हवे, संरक्षण हवे, आणि उच्चदाब एकदिश प्रवाहासारखा एक विषय हवा. चंद्रपूरहून पडघ्याला सुमारे ७५० किलोमीटर अंतरावर १५०० मेगावॉट वीज याच पद्धतीने नेता येते, तेव्हा हा विषय आपल्याच अंगणातला आहे. स्थैर्य समजायला पहिल्या सत्रात विद्युतयंत्रांचे गणिती रूप आले पाहिजे. संरक्षण समजायला दोषविश्लेषण आले पाहिजे. इन्व्हर्टर समजायला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि नियंत्रणशास्त्र हवे. आणि या सगळ्यांच्या तळाशी गणित हवे.

गणितापाशी जरा थांबतो, कारण मुले सर्वांत आधी पळतात ती तेथून. चार्ल्स फोर्टेस्क्यू याने १९१८ साली दाखवले की, तीन फेजांचा असमतोल कितीही वेडावाकडा असला तरी तो तीन समतोल संचांची बेरीज म्हणून मांडता येतो. आजही दोषाचा हिशेब त्याच रीतीने होतो. रॉबर्ट पार्क याने १९२९ साली फिरत्या यंत्राची समीकरणे यंत्राबरोबर फिरणाऱ्या अक्षांवर बसवली आणि ती सोपी झाली. या दोन्ही गोष्टी रेषीय बीजगणिताच्या आहेत. मोठ्या ग्रिडमध्ये कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते, हा हिशेबही त्याच बीजगणितावर चालतो. म्हणजे गणिताचा एक विषय नीट केला की अभियांत्रिकीचे तीन विषय अर्धे हलके होतात. त्याच्या जोडीला संभाव्यता घ्यावी. कारण उद्या ऊन किती पडेल आणि वारा किती वाहील हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही, आणि ग्रिड तर उद्याही चालवायची असते. पाया कच्चा ठेवून कळसाला सोन्याचा पत्रा मारण्यात काय अर्थ आहे?

येथवर जे सांगितले ते एखादा प्राध्यापक आमच्याहून चांगले सांगेल. आता आमच्या बाजूचे एक सांगतो. लाईनमन परमिट घेतो, लाईन बंद करतो, अर्थिंग करतो आणि खांबावर चढतो. पूर्वी वीज एकाच दिशेने, उपकेंद्राकडून घराकडे येई. आता घराघराच्या छपरावर सौरपट्ट्या आहेत, आणि घरातूनही वीज तारेत येऊ शकते. मुख्य पुरवठा गेला की इन्व्हर्टरने आपण होऊन तारेपासून अलग झाले पाहिजे. ही व्यवस्था संरक्षणाच्या अभ्यासातली आहे, आणि पुस्तकात तिला एक लहानसे प्रकरण असते. परीक्षेला ते येवो न येवो, बंद समजलेल्या तारेत मागून वीज आली तर हात लाईनमनचा जळतो. अर्थिंगचा नियम तर पाळलाच पाहिजे, पण कामगाराच्या जिवाची सगळी जबाबदारी कामगाराच्या सावधपणावर टाकून अभियंत्याला मोकळे होता येणार नाही. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विनवतो : शाखेबाहेरचा एक विषय घ्यायचाच असतो, तेव्हा औद्योगिक सुरक्षिततेचा विषय यादीत असेल तर तो घे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमातही तो सुचवलेला आहे. मुले त्याला भरतीचा विषय म्हणतात. आम्ही त्याला माणसांचा विषय म्हणतो.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. पुष्कळ विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात. ते सत्र चुकले की दोन वर्षांच्या अभ्यासात तो विषय कायमचा हुकला. तेव्हा पहिल्याच आठवड्यात चारही सत्रांचा तक्ता कागदावर मांडावा. एका सत्रात सगळे गणिताळ विषय भरू नयेत. दोन जड विषयांबरोबर एक प्रयोगशाळेचा ठेवावा. मार्गदर्शक शोधायला तिसऱ्या सत्राची वाट पाहू नये. पहिले सत्र संपण्याआधी दोन-तीन प्राध्यापकांशी बोलावे. त्यांना कोणत्या प्रश्नाची ओढ आहे ते पाहावे, आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनाही विचारावे. जेथे शिकवणारा नाही असा विषय आवडला, तर देशातल्या आय.आय.टीं.ची आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर फुकट ऐकायला मिळतात. आमच्या तरुणपणी असे काही असते तर वाचनालयाच्या पायऱ्या थोड्या कमी झिजल्या असत्या.

नोकरी करीत शिकणाऱ्यांनी एक विशेष पथ्य पाळावे. काही संस्थांत अर्धवेळ अभ्यासक्रमाची सोय असते. तेथे विषय थोडे आणि वर्षे जास्त. त्यांनी प्रबंधाचा प्रश्न आपल्या उपकेंद्रातून, आपल्या फीडरवरून घ्यावा. कोणते रोहित्र दर उन्हाळ्यात का जळते, हा प्रश्न परदेशी नियतकालिकातल्या प्रश्नापेक्षा हलका नाही. पण आकडेवारी वापरण्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. शेवटच्या महिन्यात परवानगी अडली म्हणजे दोन वर्षांचे काम अडते.

आईबापांनाही एक विनंती आहे. मुलाला पहिल्याच दिवशी, "याने पगार किती मिळेल?" असे विचारू नका. पैसा लागतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. आम्ही त्याच्यासाठीच भांडत आलो. पण बाजाराची हवा दोन वर्षांत बदलते आणि प्रवेशाच्या दिवशी गाजणारे नाव पदवीच्या दिवशी शिळे होते. पायाचे विषय शिळे होत नाहीत. फोर्टेस्क्यूची रीत शंभर वर्षांनंतरही चालते आहे, आणि जिला ती येते तिला नवे यंत्र शिकायला फार वेळ लागत नाही. तेव्हा विचारायचे असेल तर असे विचारा : "तू कोणता प्रश्न घेतला आहेस, आणि त्यासाठी या सत्रात काय शिकतो आहेस?" त्याला उत्तर देता आले तर तक्ता बरोबर भरला आहे असे समजा. नाही देता आले, तर विषय बदलण्याची मुदत संपायच्या आत त्याला पुन्हा कागद घेऊन बसवा.

 प्रवेशाचे दिवस जवळ आले आहेत. ज्यांच्या घरी असा तक्ता भरायचा आहे, त्यांनी तो घेऊन संघटनेच्या कचेरीत अवश्य यावे. दिवा उशिरापर्यंत चालू असतो.