‘शुभहस्ते’ म्हणजे कोणाच्या हातांनी?



अंबरनाथचे शिवालय शक 982, म्हणजे सन 1060 चे. तेथील शिलालेखाने शिलाहार राजा मुम्मुणी आणि त्याचे अधिकारी यांची नावे राखली. भिंतींवरील देवदेवता आणि नर्तिका ज्यांनी काळ्या पाषाणातून घडविल्या, ते पाथरवट मात्र अनामच राहिले.

नऊ शतके लोटली, राजसत्ता जाऊन लोकसत्ता आली. कोनशिलेची रीत तीच राहिली. शेजारच्या उल्हासनगरची पायाभरणी 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली. शहर प्रत्यक्षात उभारले ते लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडणाऱ्या सिंधी निर्वासितांच्या हातांनी. ‘शुभहस्ते’ या शब्दातील हात नेमके कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

मुंबईत श्रमिकाला दगडात जागा मिळाली आहे. फोर्टमधील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी कष्टकरी स्त्रीपुरुष कोरले. हुतात्मा चौकात मशाल शेतकरी आणि कामगार यांच्या हाती आहे. म्हणजे श्रमिकाची आकृती शोभेला चालते. अडचण होते ती त्याच्या नावाची.

हा प्रश्न निव्वळ भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. सार्वजनिक इमारत जनतेच्या करातून आणि मजुरांच्या श्रमातून उभी राहते. कोनशिला ही त्या व्यवहाराची पावती होय. जिच्यावर रक्कम नाही, देणाऱ्याचे नाव नाही, केवळ स्वीकारणाऱ्याचा मोठेपणा आहे, ती कसली पावती?

नावे मिळणार नाहीत, ही सबबही टिकत नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानेच मालकावर कामगारांची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले होते. बदलापूरजवळच्या बारवी धरणासाठी तोंडली, मोहघर यांसारखी गावे उठली. त्याच पाण्यावर कारखाने आणि शहरे चालतात. ती गावेही सरकारी दप्तरात आहेतच.

तेव्हा या तिन्ही नगरांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या पालिकेकडे एवढीच मागणी लावून धरावी: यापुढील प्रत्येक कोनशिलेवर कामाचा खर्च, कंत्राटदार, जमीन देणारे आणि राबणारे यांची नोंद असावी, कामावर मृत्यू पावलेल्याचे नाव सर्वांत वर असावे. उद्घाटकाच्या नावाला मग खाली जागा उरली, तर तीही जरूर द्यावी.