वाटेला कुलूप लावण्याआधी

आजचा भाग जरा घरचा आहे. आमच्या गावच्या एका पाणंदीबद्दल बोलायचंय.

शहरातल्या मित्रांसाठी आधी सांगतो, पाणंद म्हणजे काय. दोन्ही बाजूंना शेतांचे बांध, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. आमची पाणंद गावातून निघते, ओढ्याकाठच्या स्मशानाजवळून जाते आणि वरच्या वाडीला पोचते. वाडीच्या पुढे ती जंगलात शिरते, अरुंद होते आणि घाटवाट होऊन सह्याद्री चढते. म्हणजे खालच्या टोकाला शाळेला जाणारी पोरं आणि वरच्या टोकाला शनिवारी रात्री बॅटऱ्या लावून चढणारे ट्रेकर. वाट एकच.

मे महिन्यात ग्रामसभेची नोटीस लागली. विषयपत्रिकेत सहाव्या नंबरला एक ओळ होती, ‘पाणंद बंद करणेबाबत आलेल्या अर्जावर चर्चा करणे’. पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या जमिनी गेल्या काही वर्षांत बाहेरच्या लोकांनी घेतल्यात. फार्महाउस झालीत. त्यांचं म्हणणं असं, की रात्री-अपरात्री लोक येतात, आरडाओरडा करतात, बाटल्या टाकतात. आणि वाडीला जायला डांबरी रस्ता आहेच की!

आहे ना डांबरी रस्ता. पाणंदीने वाडीतून शाळेत यायला वीस मिनिटं लागतात. डांबरीने वळसा घालून तासाच्या वर, तेही डंपरच्या कडेने. पाचवीतल्या पोरीला तुम्ही तिकडून पाठवाल?

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. अर्जातलं पहिलं कारण खोटं नव्हतं. ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण पाणंद साफ करायला गेलो. दोन पोती भरून बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं निघाली. एका ठिकाणी चुलीसाठी कुणीतरी बांधाचे दगड काढले होते. ज्याचा बांध फुटला तो माणूस चिडणारच. तेव्हा आपल्यातल्या ट्रेकर मंडळींनो, वाट बंद करा म्हणणाऱ्याच्या हातात पहिला पुरावा आपणच देतो, हे लक्षात असू द्या.

ग्रामसभेत काय झालं? आम्ही तावातावाने बोललो. आमच्या पणजोबांपासूनची वाट आहे, वगैरे. समोरून शांतपणे एक प्रश्न आला, “कागद दाखवा. सातबाऱ्यावर रस्ता कुठे आहे?” आणि आम्ही गप्प. कुणाकडेच कागद नव्हता. वाट इतकी आपली होती की तिचा कागद असावा लागतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेवढ्यात माझी आजी उठली. ग्रामसभेत ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली असेल. म्हणाली, “वाडीतला माणूस गेला, तर त्याला खांद्यावर घेऊन डांबरीनं फिरवून आणणार का रं?” त्याला मात्र कुणाकडे उत्तर नव्हतं. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. आम्हाला वेळ मिळाला तो आजीमुळे.

त्या वेळात जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगायचंय. कारण ही गोष्ट फक्त आमच्या गावची नाही.

पहिलं म्हणजे, सातबारा हा काही एकटाच कागद नाही. प्रत्येक गावाचा नकाशा असतो. तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. गावनकाशावर वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. साधारणपणे दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेष म्हणजे पायवाट. आम्ही नक्कल काढली, टेबलावर पसरली, आणि दोन तुटक रेषा गावापासून निघून ओढा ओलांडून वाडीपर्यंत गेलेल्या दिसल्या. पुढे जंगलाकडे एकच रेष. खरं सांगतो, अंगावर काटा आला. विदर्भातली मंडळी ऐकत असतील तर त्यांच्याकडे आणखी एक जुना कागद असतो, वाजिब-उल-अर्ज. त्यात गावच्या वहिवाटी नोंदवलेल्या असतात, रस्त्याच्या सुद्धा.

दुसरं. वाट बंद करायचा अधिकार ग्रामसभेत हात वर करून मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या कलम २० प्रमाणे जे सार्वजनिक रस्ते आणि वाटा कुणाच्या खाजगी मालकीच्या नाहीत, त्या सरकारच्या. अशा वाटेवरचा लोकांचा हक्क संपवायचा असेल तर कलम २१ आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांनी तसं जाहीर करावं लागतं, नोटीस काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे तुम्हाला ‘नाही’ म्हणायची संधी कायद्यानेच ठेवलीय. फक्त ती लेखी द्यावी लागते, आणि मुदतीत.

तिसरं. समजा कुणी नोटीस-बिटीस न काढता सरळ तारच ओढली, तर? त्यासाठी मामलेदार न्यायालय कायदा आहे, १९०६ चा. शेताकडे किंवा चराऊ रानाकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली, तर तहसीलदार तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. पण अट काय? अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागायची. आपल्याकडे लोक पहिलं वर्ष समजूत घालण्यात घालवतात. ‘आपलाच माणूस आहे, काढेल.’ समजूत घाला, जरूर घाला. पण अर्ज देऊन ठेवा आणि मग घाला!

आता पाणंदीच्या वरच्या टोकाकडे येऊ. जंगलातल्या घाटवाटेकडे.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्यानंतर पुणे जिल्ह्यात बऱ्याच पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेश निघाले. मी त्या बंदीच्या विरोधात नाही. चार तासांत ओढ्याचं पाणी छातीपर्यंत येतं, हे डोंगराखाली राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. धोका आहे तेव्हा थांबा.

माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. असा मनाईचा आदेश आधी कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. त्याची मुदत असते दोन महिने. राज्य सरकारने वाढवली, तर आणखी सहा महिने. म्हणजे आदेशाला शेवटची तारीख असते. फलकाला नसते! आमच्या घाटवाटेच्या तोंडाशी ‘प्रवेश बंद’ असा पत्रा लागलाय. त्यावर ना तारीख, ना आदेशाचा क्रमांक. पावसाळा संपतो, आदेश संपतो, पत्रा तसाच. मग एका वर्षी त्याच्या शेजारी खांब येतो, दुसऱ्या वर्षी साखळी, तिसऱ्या वर्षी कुलूप. आणि वाटेवर झुडपं वाढली की म्हणायला मोकळे, ‘इथून कोण जातं?’

राखीव जंगलातून जाणारी वाटही अशीच मनात आलं म्हणून बंद होत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७, कलम २५. वन अधिकाऱ्याला राखीव वनातली वाट बंद करता येते, पण आधी राज्य सरकारची मंजुरी लागते, आणि सोयीची दुसरी वाट आधीपासून असावी लागते किंवा करून द्यावी लागते. इंग्रजांच्या काळातला कायदा आहे हा, लोकांवर प्रेम म्हणून केलेला नाही. पण त्यांनाही पर्यायी वाटेची अट घालावी लागली.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. बंदीला तीन गोष्टी विचारायच्या. कोणत्या आदेशाने? कोणत्या तारखेपर्यंत? आणि पर्यायी वाट कोणती? तिन्ही उत्तरं मिळाली तर मान द्या, मागे फिरा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात आदेशाची प्रत मागा. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि इथे शहरात बसून तुम्ही काय करू शकता? तुमच्या फोनमध्ये पुरावा पडलाय. पाच वर्षांपूर्वीच्या ट्रेकचे फोटो, त्यावरची तारीख, जागा, ॲपमध्ये सेव्ह केलेला ट्रॅक. वाट वापरात होती, हे दाखवायला ते उपयोगी पडतं. ते डिलीट करू नका. ज्या वाडीत पिठलं-भाकरी खाल्लीत, तिथल्या एकाचा तरी नंबर ठेवा. वाट बंद होतेय असं कळलं, तर ते सगळं त्यांना पाठवा. पुढे मात्र त्यांनी उभं राहायचं, आपण मागे. कारण आपल्याला दुसरा ट्रेक सापडेल. वाडीला दुसरी वाट नाही.

आमचं पुढे काय झालं? पुढच्या सभेत नकाशाची नक्कल घेऊन गेलो. ‘बंद करणे’ हा विषय मागे पडला आणि पाणंदीची मोजणी करून हद्दीच्या खुणा लावाव्यात, असा ठराव झाला. मोजणी अजून व्हायचीय. एका बाजूची तार फूटभर आत सरकलीय, त्याचा अर्ज तहसीलला दिलाय, पोच घेतलीय. ज्यांचा बांध फुटला होता, तो आम्ही रचून दिला. ते गृहस्थ आता फार बोलत नाहीत, पण परवा त्यांनी स्वतःच वाटेवर कचऱ्याचा डबा ठेवला.

म्हणजे जिंकलो का? नाही. पण शाळा सुरू झाली, आणि पोरं अजून पाणंदीनेच येतायत.

या रविवारी एक काम करा. तुमच्या गावाच्या नकाशाची नक्कल काढा, किंवा गावी फोन करून काढायला सांगा. आणि त्या तुटक रेषेवरून एकदा चालून या. कचरा परत आणा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, चालत राहा!