शाळेचा पैसा, शाळेचा कारभार

भारतात सरकारी शाळा मुख्यतः राज्य सरकारं चालवतात.

घटना लागू झाली, तेव्हा शिक्षण हा राज्यांचा विषय होता.
1976 च्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला.
केंद्र आणि राज्य, दोघांनाही कायदे करता येऊ लागले.

खर्चाचा मोठा भार मात्र आजही राज्यांवरच आहे.
महाराष्ट्रात गावची शाळा बहुतेकदा जिल्हा परिषदेची असते.
शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो.

केंद्राचा पैसा येतो, तो मुख्यतः समग्र शिक्षा योजनेतून.
बहुतेक राज्यांत तिच्या दर 100 रुपयांतले 60 केंद्राचे असतात.
ईशान्येकडच्या राज्यांत 90.
हे न्याय्यच आहे.
राज्य गरीब, म्हणून तिथल्या मुलाचा हक्क कमी होत नाही.

पण पैशामागून अटी येतात.
2024 मध्ये तमिळनाडूने केंद्राच्या पीएम-श्री शाळा योजनेचा करार केला नाही.
म्हणून केंद्राने त्याचा समग्र शिक्षेचा निधी अडवला.
झळ बसली ती शाळांना.

म्हणून पैसा दोघांचा असावा,
आणि कारभार राज्याचाच राहावा.
नंदुरबारच्या पाड्यावर मूल घरी भिली बोलतं.
त्याला कसा शिक्षक हवा,
हे दिल्लीआधी जिल्ह्याला कळतं.